सकाळी ९ ला मिसळ खाल्ली की दुपारी १ ला जेवण का जात नाही?

कारण १ वाजला तरी मिसळीचा काही भाग जठरातच असतो, आणि त्याला तिखटापेक्षा तेल जास्त जबाबदार आहे. मी पुण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते; हा प्रश्न वर्गात हमखास येतो. जठर अन्न घुसळून पातळ करतं आणि थोडं थोडं लहान आतड्यात सोडतं. त्यातलं तेल आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक रक्तात उतरतं. पित्ताशय आकुंचन पावून पित्त ओततं, स्वादुपिंडातून विकरं येतात आणि जठराला निरोप जातो, जरा दमानं घे. भूकही त्यामुळेच मरते. साधा वरणभात साधारण दोन-तीन तासांत पुढे सरकतो; फरसाण, तर्री आणि वर दोनदा मागून घेतलेलं सॅम्पल असेल तर चार तास सहज. (हे फक्त जठराचं. तोंडापासून शेवटपर्यंतच्या प्रवासाला एक ते तीन दिवस लागतात.) मात्र जुना मधुमेह असेल तर जठर मुळातच मंद चालू शकतं. थोडंसं खाऊनही रोज पोट गच्च वाटत असेल, तर मिसळीला बोल न लावता डॉक्टरांना दाखवा.