वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतला मार्केटप्लेस आरोग्य विमा

या वेळी अमेरिकेतल्या वाचकांचे मार्केटप्लेस विम्याबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टमधून उभा राहिलेला हा बाजार सरकार चालवतं, विमा मात्र खासगी कंपन्याच देतात. वर्षाच्या उत्पन्नाच्या अंदाजावरून सरकार महिन्याच्या हप्त्यात सवलत देतं. टेक्सास, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांत अर्ज हेल्थकेअर डॉट गव्ह या साइटवर भरायचा. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या राज्यांच्या स्वतःच्या साइट आहेत. खालचे आकडे २०२६ च्या विम्याचे आहेत.

वाचण्याआधी एवढं लक्षात घ्या. प्लॅन चुकला तर पुढच्या वर्षी बदलता येतो. तारीख चुकली तर महिनोन्‌महिने विम्याविना काढावे लागतात आणि उत्पन्नाचा अंदाज चुकला तर पैसे परत भरावे लागतात. म्हणून उत्तरांत तारखा आणि उत्पन्न यांवरच जास्त भर आहे.

प्रश्न : मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. नोकरी गेली, कंपनीचा विमा ३० जूनला संपतो. कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय म्हणजे कोब्रा, तिचा हप्ता ऐकून छातीत धडकीच भरली. पत्नी आणि मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहेत. मार्केटप्लेस आम्हाला खुला आहे का? (नॉर्थ कॅरोलायना)

आहे. कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्यांना अर्ज करता येतो, ग्रीन कार्डच हवं असं नाही. विमा जाण्याच्या तारखेच्या आधीचे ६० आणि नंतरचे ६० दिवस ही तुमची प्लॅन निवडण्याची विशेष मुदत. पण ६० दिवस आहेत म्हणून सावकाश बसू नका. ३० जूनपर्यंत प्लॅन निवडलात तर नवा विमा १ जुलैला सुरू होतो. तोच १ जुलैला निवडलात तर १ ऑगस्टला. एका दिवसाच्या दिरंगाईने महिनाभराचं छत्र जातं.

तसा महिना मोकळा गेलाच तर कोब्रा उपयोगी पडतो. ते घ्यायचं की नाही हे ठरवायला किमान ६० दिवस मिळतात आणि मागचे हप्ते भरले की विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. त्यामुळे जुलैत काही अघटित घडलं तर तेव्हाही कोब्रा घेता येईल. हप्ता मोठा वाटतो कारण आतापर्यंत कंपनी भरत होती तो वाटाही आता तुमच्याकडे येतो, शिवाय २ टक्के प्रशासकीय खर्च.

एक सापळा मात्र आहे. कोब्रा घेतलं, ६० दिवसांची मुदत उलटून गेली आणि मग परवडत नाही म्हणून सोडलं, तर स्वतःहून सोडल्यामुळे विशेष मुदत पुन्हा मिळत नाही. पुढच्या ओपन एनरोलमेंटची, म्हणजे वर्षातून एकदा सगळ्यांना खुल्या असणाऱ्या नोंदणीची, वाट पाहावी लागते. उलट बाजूही सांगतो. या वर्षीचं डिडक्टिबल (कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी वर्षात स्वतः भरायची रक्कम) तुम्ही भरून संपवलं असेल आणि एखादी शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर कोब्राच स्वस्त पडू शकतं, कारण नव्या प्लॅनमध्ये डिडक्टिबल शून्यापासून मोजतात.

कागद : विमा कोणत्या तारखेला संपतो हे सांगणारं पत्र (तिघांचीही नावं त्यात हवीत), पासपोर्ट, आय-९४ (प्रवेशाची नोंद), आय-७९७ (व्हिसा अर्ज मंजुरीची सूचना). विमा गेल्याचा पुरावा मागितला तर प्लॅन निवडल्यापासून ३० दिवसांत अपलोड करावा लागतो.

उत्पन्नाच्या रकान्यात बरेच जण 'शून्य' लिहितात आणि तिथेच फसतात. विचारलेलं असतं ते पूर्ण वर्षाचं उत्पन्न. जानेवारी ते जूनचा पगार, सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनी देते ती रक्कम), बेकारी भत्ता, पत्नीला कामाची परवानगी असेल तर तिची कमाई, सगळं धरा. तिघांच्या कुटुंबाची बेरीज १,०६,६०० डॉलरच्या वर गेली तर हप्त्यात सवलत नाही.

आणखी एक बदल आतापासूनच धरून चाला. १ जानेवारी २०२७ पासून एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसांवरच्या लोकांना हप्त्याची सवलत मिळणार नाही. २०२५ च्या कायद्याने ती ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांपुरती ठेवली आहे, आणखी एक-दोन गट सोडले तर. विमा विकत घेता येईल, पण पूर्ण किमतीला.

प्रश्न : सिल्व्हर प्लॅन ७० टक्के खर्च उचलतो म्हणतात. म्हणजे एक लाखाचं ऑपरेशन झालं तर ३० हजार माझ्या माथी? (ओहायो)

नाही. ब्राँझ ६०, सिल्व्हर ७०, गोल्ड ८०, प्लॅटिनम ९० हे टक्के सगळ्या विमेदारांच्या सरासरी खर्चावर काढलेले असतात, तुमच्या एका बिलावर नव्हे. तुमचं बिल असं चालतं : आधी डिडक्टिबल पूर्ण तुमचं, मग ठरलेला वाटा तुमचा, आणि वर्षाची कमाल मर्यादा गाठली की पुढचं सगळं कंपनीचं. ही मर्यादा एका व्यक्तीला जास्तीत जास्त १०,६०० आणि कुटुंबाला २१,२०० डॉलर. ती फक्त नेटवर्कमधल्या, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या, डॉक्टर-हॉस्पिटलांना लागू आहे, आणि महिन्याचा हप्ता तिच्यात मोजला जात नाही.

सिल्व्हरची खरी गंमत वेगळीच आहे, आणि ती न कळल्यामुळे कमी उत्पन्नाचे लोक ब्राँझ घेऊन स्वतःचं नुकसान करून घेतात. एकट्या माणसाचं उत्पन्न ३१,३०० डॉलरपर्यंत असेल तर त्याच सिल्व्हर प्लॅनचं डिडक्टिबल आणि कोपे (दर भेटीला किंवा औषधाला द्यायची ठरावीक रक्कम) इतके उतरतात की तो ८७ टक्क्यांचा होतो. २३,४७५ पर्यंत असेल तर ९४ टक्क्यांचा, म्हणजे प्लॅटिनमहून सरस. ३९,१२५ पर्यंत थोडासा फायदा राहतो. ही सोय सिल्व्हरलाच आहे, गोल्ड किंवा ब्राँझला नाही. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर सिल्व्हर आणि गोल्डचे हप्ते शेजारी ठेवून बघा. काही राज्यांत गोल्डच स्वस्त निघतो.

डॉक्टरांच्या ऑफिसला विचारताना 'अमुक कंपनीचा विमा घेता का' असं विचारू नका, उत्तर बहुधा 'हो' येतं. एकाच कंपनीची पाच-सहा नेटवर्कं असतात. प्लॅनचं पूर्ण नाव आणि नेटवर्कचं नाव वाचून दाखवा आणि कोणत्या तारखेपासून विचारता आहात तेही सांगा. रोजची औषधं प्लॅनच्या औषधयादीत कुठल्या पायरीवर आहेत तेही पाहा. इन्सुलिन किंवा महागडं इंजेक्शन चालू असेल तर हप्त्यातल्या फरकापेक्षा औषधखर्चातला फरक मोठा असतो.

प्रश्न : आई-बाबा (वय ६२ आणि ६६) मार्चमध्ये ग्रीन कार्डवर कायमचे येत आहेत. बाबांना पेन्शन आहे, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं येतं, एफडी आहेत. त्यांच्या विम्याचं काय करावं? (डॅलस)

परदेशातून राहायला आल्याबद्दल ६० दिवसांची विशेष मुदत मिळते. आधी विमा होता याचा पुरावा त्यासाठी लागत नाही. विमा मात्र प्लॅन निवडल्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सुरू होतो. विमानात बसल्यापासून त्या तारखेपर्यंतचा प्रवासी विमा भारतातूनच घेऊन ठेवा.

पासपोर्टवरचा इमिग्रंट व्हिसा आणि त्यावरचा प्रवेशाचा शिक्का पुराव्याला चालतो, प्लास्टिकचं कार्ड येईपर्यंत थांबायचं कारण नाही. ऑनलाइन ओळख पटवताना मात्र हमखास अडतं, कारण तिथले प्रश्न अमेरिकेतल्या क्रेडिट इतिहासावरून येतात आणि आई-बाबांचा तो नसतोच. फोन करा किंवा ओळखपत्रं अपलोड करा. नावाचाही घोळ होतो. आपल्याकडच्या पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या जागी स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. ग्रीन कार्डावर जसं छापलंय, अक्षरशः तसंच अर्जात लिहा. तिथे वेगळं, इथे वेगळं झालं की नोंदी जुळत नाहीत आणि कागद मागणारी पत्रं सुरू होतात.

आता उत्पन्न. आई-बाबा स्वतःचं टॅक्स रिटर्न भरणार असतील तर ते एकत्र भरावं लागतं. वेगवेगळं भरलं तर सवलत नाही. अमेरिकेचे कर-रहिवासी झाल्यावर भारतातली पेन्शन, भाडं, एफडीचं व्याज हे सगळं जगभरच्या उत्पन्नात येतं. दोघांची बेरीज २१,१५० ते ८४,६०० डॉलर असेल तर सवलतीचा विचार होतो. २०२५ पर्यंत नवे कायदेशीर स्थलांतरित या खालच्या मर्यादेच्या खाली असले तरी त्यांना सवलत मिळायची, कारण मेडिकेडसाठी (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यासाठी) बहुतेकांना पाच वर्षं थांबावं लागतं. २०२६ पासून तो दरवाजा बंद झाला आहे. म्हणजे छोट्या पेन्शनवाल्या आई-बाबांना आज पूर्ण हप्ता पडतो. आम्हाला हा बदल अन्यायाचा वाटतो, पण म्हणून उत्पन्न फुगवून लिहू नका. अर्जावरची सही खोटी माहिती न दिल्याची असते. मुलाने घरखर्चाला दिलेले पैसे भेट आहेत, आई-बाबांचं उत्पन्न नव्हे.

तुम्ही त्यांना तुमच्या रिटर्नवर अवलंबित म्हणून दाखवलंत तर गणित तुमच्या घराचं होतं. चौघांचं कुटुंब सहाजणांचं होतं आणि सवलतीची वरची मर्यादा १,७२,६०० डॉलरवर जाते. तुमचं उत्पन्न त्याच्या आत असेल तर हा मार्ग आधी तपासा. पण पालकाला अवलंबित दाखवायला त्या पालकाचं स्वतःचं उत्पन्न अगदी थोडं असावं लागतं. भाडं आणि पेन्शन असल्यामुळे बाबा बहुधा त्यात बसणार नाहीत.

वयामुळे हप्ता जास्त येईल. बहुतेक राज्यांत ६४ आणि त्यापुढच्यांना २१ वर्षांच्या तरुणाच्या तिप्पटीपर्यंत आकारता येतं. आधीपासूनचा मधुमेह, बायपास, गुडघे, कशामुळेही विमा नाकारता येत नाही आणि हप्ताही वाढवता येत नाही.

बाबा ६५ च्या पुढचे असले तरी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, लगेच नाही. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावर ते विकत घेता येतं. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण त्या सुमाराला मिळणारी मुदत सात महिन्यांची असते. मार्केटप्लेसचा विमा चालू होता ही सबब तिथे चालत नाही. पार्ट बी (मेडिकेअरमधला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) उशिरा घेतला तर पूर्ण १२ महिन्यांच्या प्रत्येक विलंबामागे १० टक्के दंड बसतो आणि तो पुढे कायम हप्त्यातच राहतो.

प्रश्न : दोघे साठीचे, स्वतःचा व्यवसाय. या वर्षी उत्पन्न ८८,००० च्या आसपास जाईल. सवलत थोडी कमी होईल ना? (टेक्सास)

थोडी कमी नाही, पूर्ण जाईल. २०२१ पासून मिळणारी वाढीव सवलत २०२५ च्या अखेरीस संपली आणि जुनी कडेलोटाची रेषा परत आली. दोघांसाठी ती ८४,६०० आहे.

समजा तुमच्या भागातला दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त सिल्व्हर प्लॅन (सवलत याच प्लॅनवरून मोजतात) दोघांना मिळून महिना २,००० डॉलरचा आहे. उत्पन्न ८४,००० असेल तर त्यातला तुमचा वाटा उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ८,३६६. उरलेले १५,६३४ डॉलर सवलत. रेषेच्या थोडं पलीकडे गेलात की ही सगळी रक्कम शून्य.

आणि २०२६ पासून परतफेडीला कमाल मर्यादाही उरलेली नाही. वर्षभर सवलत घेतली आणि शेवटी रेषा ओलांडली तर पूर्ण रक्कम टॅक्सबरोबर परत.

उपाय आहे, आणि तो सरळ कायदेशीर आहे. २०२६ पासून मार्केटप्लेसवरचे सगळे ब्राँझ प्लॅन एचएसए खात्याला (आरोग्यखर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) पात्र आहेत. दोघांसाठी वर्षाला ८,७५० पर्यंत भरता येतात, शिवाय ५५ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आपापल्या खात्यात १,००० जास्त. तुम्ही ४,००० भरलेत की मोजायचं उत्पन्न ८४,००० वर येतं. व्यवसायातून सेप-आयआरए (स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांचं निवृत्ती खातं) भरलात तरी तेच होतं. दोन्हींसाठी पुढच्या १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. दर तिमाहीला हिशेब पाहा आणि अंदाज बदलला की अर्जात लगेच दुरुस्त करा.

प्रश्न : सासूबाई मिश्री लावतात. अर्जातल्या तंबाखूच्या प्रश्नाला काय लिहायचं? (ह्यूस्टन)

गेल्या सहा महिन्यांत आठवड्याला सरासरी चार किंवा जास्त वेळा तंबाखू, तर उत्तर 'हो'. मिश्री, मळलेला तंबाखू, गुटखा सगळं त्यात आलं, फक्त सिगारेट नव्हे. टेक्सासमध्ये त्यामुळे हप्ता दीडपटीपर्यंत जाऊ शकतो आणि वाढलेला भाग सवलतीत धरत नाहीत. 'नाही' लिहिलं आणि पुढे कळलं तर विमा रद्द होत नाही, पण कंपनी फरक वसूल करू शकते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्समध्ये हा जादा आकार घ्यायला बंदी आहे.

प्रश्न : आई-बाबा सहा महिन्यांसाठी टूरिस्ट व्हिसावर येतात. त्यांना घेता येईल? (न्यू जर्सी)

नाही. इथे वास्तव्य असण्याची अट आहे, पाहुणे त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स. तो घेताना ठरावीक रकमेपुरता देणारा प्लॅन टाळा, आणि जुन्या आजाराच्या अचानक उद्‌भवलेल्या त्रासाला किती रक्कम आहे ते वयाच्या रकान्यात वाचून मगच पैसे भरा.

प्रश्न : डिसेंबरमध्ये प्लॅन निवडला, 'एनरोल्ड' असं दिसत होतं. जानेवारीत दवाखान्यात सांगितलं की विमाच नाही! (जॅक्सनव्हिल)

पहिला हप्ता भरायचा राहिला असणार. मार्केटप्लेस पैसे घेत नाही, ते विमा कंपनीकडे भरावे लागतात आणि पहिला हप्ता पोहोचेपर्यंत विमा सुरूच होत नाही. आजच कंपनीला फोन करून विचारा की भरण्याची शेवटची तारीख गेली का. नंतरचा एखादा हप्ता चुकला तर सवलत घेणाऱ्यांना तीन महिने मिळतात, पण सगळी थकबाकी भरली नाही तर विमा पहिल्या महिन्याच्या अखेरीलाच संपला असं धरतात आणि मधली बिलं अंगावर येतात.

२०२७ च्या विम्यापासून हेल्थकेअर डॉट गव्हवर ओपन एनरोलमेंट १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर एवढीच आहे, जानेवारीतली जादा मुदत गेली. प्लॅन निवडलात की त्याच बैठकीत कंपनीच्या साइटवर जाऊन पहिला हप्ता भरा आणि पावती जपून ठेवा.