क्लच जळाला की तेलात भिजला, आधी हे ठरू द्या

पाटणकडच्या एका दादांनी लिहिलंय. फोर बाय फोर डिझेल गाडी, १९ हजार किलोमीटरलाच घाटात क्लच घसरायला लागला, आरपीएम वर जातोय पण गाडी पुढे सरकत नाही आणि जळका वास. सर्व्हिस सेंटरने सांगितलं क्लच वेअर अँड टेअरमध्ये येतो, वॉरंटी नाही, आणि ४६ हजारांचं बिल लावलं. यांनी ते भरलं. ही ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. आता परत तेच सुरू झालंय, केस होईल का विचारतायत.

दादा, केस कुणालाही करता येते, पण तुमची अडलीये एकाच ठिकाणी. जुनी क्लच प्लेट कुठे आहे? तुम्ही लिहिलंय "तिथेच राहिली", आणि जॉब कार्डवर जुने पार्ट परत मिळाल्याची सही पण करून आलात. असे मेसेज मला दर पावसाळ्यानंतर येतात आणि दहातले आठ जण हेच करतात, मला खरंच राग येतो. ४६ हजार मोजून वस्तू बदलली, मग जुनी वस्तू तुमची नाही का?

वेअर अँड टेअरचा क्लॉज झीज झालेल्या पार्टला लागतो. दुसऱ्या बिघाडामुळे प्लेट खराब झाली असेल तर तो क्लॉज कंपनीला तितकासा वाचवत नाही. लायनिंग, म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर, सगळीकडे सारखं घासून खालच्या रिव्हेटपर्यंत आलं असेल तर ती झीज, विषय संपला. पण लायनिंग जाड आहे आणि प्लेट तेलकट, चकाकणारी आहे, तर इंजिनच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या ऑइल सीलमधून तेल आलंय, आणि गाडी वॉरंटीत असताना सील गळणं तुमच्या माथी मारता येत नाही. फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच प्लेट टेकते त्या इंजिनच्या चाकावर, निळे डाग म्हणजे उष्णता, ते हाफ क्लचने (क्लच अर्धा दाबून गाडी चालवल्याने) पण होतं आणि क्लच पूर्ण सुटत नसेल किंवा प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट कमजोर असेल तरी होतं, म्हणून नुसत्या डागांवर मी काही बोलणार नाही.

ग्राहक आयोगात दोष सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदाराची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ मध्ये वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची सोय आहे, पण पाठवायला वस्तू तर हवी! पहिल्या प्लेटचं आता अवघड आहे. तरी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा, कधीकधी वॉरंटी क्लेम नाकारताना काढलेले फोटो त्यांच्याकडे असतात.

तुमच्या हातात आता दुसरा बिघाड आहे, तो घालवू नका. यात गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा भाग) उतरवावी लागते म्हणून मजुरी एवढी येते आणि गाडी पुन्हा पुन्हा कुणी उघडणार नाही. त्यामुळे उघडायच्या आधी ईमेल करा की माझ्यासमोर उघडा, प्लेटची जाडी मोजून लिहा, सीलचे फोटो काढा, जुना सगळा सेट मला परत द्या. सोबत एखादा ऑटोमोबाइल इंजिनिअर न्या, पुढे त्याचं शपथपत्र लागेल. बिल भरावंच लागलं तर त्यावर "हरकत नोंदवून पैसे भरले" असं हाताने लिहा. आणि पहिल्या बिलाच्या मागे बदललेल्या पार्टची वेगळी वॉरंटी छापली आहे का तेही बघा, काही ठिकाणी असते.

अजून एक. तुम्हीच लिहिलंय की चिखलात अडकलेली मित्राची जीप ओढून काढली होती, तेही हाय रेंजमध्ये. हे लपवू नका, समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा पण जास्त ओढीचा गिअर, लावायची सोडून क्लचवर जोर काढला असेल तर तुमची बाजू कच्ची होते. पण तेलाने भिजलेल्या प्लेटला ते कारण पुरत नाही.

तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, त्याच कायद्याचं कलम ६९. पहिल्या बिलापासून धरली तर ऑगस्ट २०२६ ला संपते, आणि तुम्ही ईमेल करत राहिलात म्हणून ती वाढत नाही. उशीर माफ होतो, पण ठोस कारण लागतं, "ते बघतो म्हणाले" एवढ्यावर मी भरवसा ठेवणार नाही. दुसऱ्या बिघाडाची मुदत वेगळी धरता येईल असं मला वाटतं, पण ते मान्य होईलच असं नाही. तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगातच करा, तुम्ही राहता तिथे करता येते. कायद्यात प्रयोगशाळेची तपासणी लागली तरी पाच महिन्यांत निकाल द्यावा असं आहे, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडत वर्षं जातात आणि सामान्य माणूस थकून सोडून देतो, हे मला पटत नाही पण आहे हे असं आहे.

पूर्ण गाडी बदलून मिळेल ही आशा मी देणार नाही. क्लचचा खर्च आणि थोडी नुकसानभरपाई मागू. या आठवड्यात गाडी उघडू देऊ नका, आधी तो ईमेल पाठवा आणि जॉब कार्डच्या दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा.