सिटी खाली घ्यायची तर आधी स्ट्रोक मोज

भावा, तुझी गाडी 2017 ची होंडा सिटी, 80,000 च्या पुढे चाललेली. घर विश्रामबागला, रोजचं काम कुपवाड एमआयडीसीत, आणि अधूनमधून घरच्यांना घेऊन सातारा-कास. चाक आणि फेंडरमधली (चाकावरच्या पत्र्यामधली) फट तुला खटकते, म्हणून गाडी खाली घ्यायची म्हणतोस. एक मिस्त्री म्हणतो मूळ स्प्रिंगचं एक वेटोळं कापू, दुसरा म्हणतो 40 मिमी खाली बसवणाऱ्या तयार स्प्रिंग घे, शॉकअप तेच राहू देत. माझ्या मते दोन्ही नकोत. गाडी खाली घेऊच नको असं मी म्हणणार नाही. पुढे 25 आणि मागे 15 ते 20 मिमी, त्यासोबत त्याच उंचीसाठी बनवलेले शॉकअप, असं केलंस तर ही गाडी वळणावर फार छान वागते. त्याच्या पुढे गेलास की बिघडायला सुरुवात.

कारण सांगतो. गाडी उभी असताना चाकाला बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे शेवटी चाक अडवणाऱ्या रबर-फोमच्या ठोकळ्यापर्यंत, वर जायला जी जागा असते, तो तुझा स्ट्रोक. दिसतो फेंडरचा गॅप, पण आपण कमी करतो हा स्ट्रोक. समज तो पुढे 70 मिमी आहे. 40 मिमी खाली घेतलीस की उरले 30. स्प्रिंग किती धक्का पोटात घेते ते स्ट्रोकच्या वर्गावर ठरतं. म्हणजे पूर्वीचाच धक्का 30 मिमीत जिरवायचा तर स्प्रिंग पाचपटीहून जास्त कडक लागेल. तशी स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीला कुणी लावत नाही, लावली तर बसवणार नाही. बाजारात मिळणाऱ्या खालच्या स्प्रिंग मूळपेक्षा साधारण 15 ते 30 टक्के कडक असतात. बाकीचा धक्का बंप स्टॉप खातो. 25 मिमीवर मात्र 45 मिमी शिल्लक राहतात, आणि थोडी कडक स्प्रिंग व चांगला फोमचा बंप स्टॉप मिळून तेवढ्यात काम भागवतात.

आता आपल्या रस्त्यांचं बघ. सांगलीकडे खड्ड्यांइतकाच त्रास लाटांचा आहे. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरून हंगामात उसाच्या ट्रॉल्या. डांबर गुळगुळीत दिसतं, पण 80 च्या वेगात गाडी खाली दबते आणि वर उसळते. खड्ड्यात चाक आपटून मोकळं होतं. लाटेत अख्खी बॉडी खाली येते, स्ट्रोक तळापर्यंत वापरला जातो, आणि मग स्प्रिंग ती सगळी ताकद परत करते. ती परतीची उसळी धरून ठेवणं शॉकअपचं काम. यालाच रिबाउंड म्हणतात आणि या भागात मी गाडीत सगळ्यात आधी तोच तपासतो. स्प्रिंग 30 टक्के कडक झाली की पूर्वीइतकाच ताबा ठेवायला डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपचा उसळी रोखायचा जोर, साधारण 14 टक्के वाढावं लागतं. तुझे शॉकअप इतक्या रनिंगनंतर मूळ स्प्रिंगलाही जेमतेम पुरत असतील. त्यांच्यावर कडक स्प्रिंग चढवली की गाडी प्रत्येक लाटेनंतर दोन-तीन वेळा उड्या मारत राहते, आणि मागे बसलेल्या आईला ते तुझ्याआधी कळतं.

यवतेश्वरच्या घाटात याचं दुसरं रूप दिसतं. उतरताना वळणावर वजन बाहेरच्या पुढच्या चाकावर येतं. स्ट्रोक संपून ते चाक बंप स्टॉपवर बसलं की त्या एका कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, टायर पकड सोडतो आणि गाडीचं नाक वळणाबाहेर ओढलं जातं. त्यात तुझ्या गाडीसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच नळीवर असलेल्या) गाडीत खाली घेताना लोअर आर्मचं, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचं, बाहेरचं टोक वर उचललं जातं, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो) बॉडीपेक्षा जास्त खाली उतरतो आणि कलण्याचा जोर उलट वाढतो. खूप खाली घेतलेली गाडी वळणावर चांगली असते, हा समज इथेच मोडतो.

म्हणून शॉकअपची लांबी बघ. मूळ मापाचा शॉकअप खालच्या स्प्रिंगसोबत लावला तर त्याचा पिस्टन कायम तळाकडे काम करतो. खालच्या उंचीसाठीचे आखूड शॉकअप वेगळे येतात. बिल्स्टीन कंपनीचं उदाहरण घे: बी6 मूळ उंचीसाठी, बी8 आखूड, खाली घेतलेल्या गाडीसाठी. कोनी कंपनीच्या पिवळ्या स्पोर्ट शॉकअपमध्ये रिबाउंड कमी-जास्त करता येतो, लाटांच्या रस्त्याला ते उपयोगाचं. तुझ्या पिढीच्या सिटीचा पार्ट नंबर जुळतो का ते लेखी घे, 'बसून जाईल' यावर पैसे देऊ नको. कॉइलओव्हरच्या, म्हणजे उंची फिरवता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअप सेटच्या, मागे लागू नको. उंची फिरवता येते म्हणून माणूस ती फिरवत राहतो, आणि स्वस्त सेटमध्ये डॅम्पिंगच कच्चं असतं.

वेटोळं कापण्याबद्दल थोडक्यात. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक गेलं तर स्प्रिंग 20 टक्के कडक होते, पण खरी अडचण ती नाही. स्प्रिंगचं टोक बैठकीत बसेल अशा आकाराचं असतं, ते कापलं जातं. शिवाय मोकळी लांबी इतकी घटते की चाक पूर्ण खाली लटकलं की स्प्रिंग बैठकीत सैल होते. साताऱ्यात एका मित्राची गाडी जॅकवर घेतल्यावर स्प्रिंग हाताने फिरत होती. गॅसने तापवून बसवणं तर त्याहून वाईट, पोलादाचा टेम्परच (ताण झेलायचा कणखरपणा) जातो.

गतिरोधकाचं गणित करून बघ, मला ते महत्त्वाचं वाटतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येचा. सिटीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2600 मिमी, म्हणजे पुढची-मागची दोन्ही चाकं त्यावर असताना पोटाखालचे फक्त 50 मिमी खाल्ले जातात. गावातला गतिरोधक तेवढाच उंच पण अरुंद असतो, तो पूर्ण 100 मिमी खातो. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स (रस्त्यापासून पोटापर्यंतची उंची) 165 मिमी. माणसं आणि सामान भरून पोट 30 मिमी बसलं असं धर, राहिले 135. 25 मिमी खाली घेतलीस तर 110, निघते. 40 घेतलीस तर 95, चेंबर नाहीतर सायलेन्सर घासणार.

मागे कमी घे म्हणतो ते यासाठीच. डिकी 510 लिटरची आहे, ती भरून तिघं मागे बसले की मागची बाजू आपोआप खाली जाते. मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, काम सोपं, पण मागची चाकं जोडणाऱ्या टॉर्शन बीमला कॅम्बर-टो (चाकाचा उभा कल आणि आत-बाहेरची दिशा) जुळवायची सोय नाही.

पुढचा स्ट्रट उघडला की टॉप माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबरी कव्हर नवीनच टाक, मजुरी एकदाच लागते. लोअर आर्मच्या बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांग. हवेत लटकत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बहुतेक ठिकाणी हे चुकतंच, म्हणून समोर उभा राहा. लगेच अलाइनमेंट, स्प्रिंग बसल्यावर काही शे किलोमीटरनंतर पुन्हा. टायर आतून खातो तो बहुतेक वेळा बिघडलेल्या टोमुळे. हेडलाइटचा झोतही जुळवून घे.

कायद्याचंही ध्यानात ठेव. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांवर बंधन घालतं, आणि परवानगी नसलेल्या बदलासाठी 182ए मध्ये प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. खरेदीआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचार.

आणि काही विकत घेण्याआधी एवढं कर. पुढच्या स्ट्रटचं रबरी कव्हर सरकवून पिस्टन रॉडला एक केबल टाय घट्ट बांध आणि तो खाली शॉकअपच्या नळीला टेकव. घरच्यांना बसव, डिकी भर, आणि नेहमीच्या रस्त्याने साताऱ्याला जाऊन ये. टाय जिथवर वर सरकला तिथपासून बंप स्टॉपपर्यंत किती मिमी उरले ते मोज. 25 पेक्षा कमी उरले असतील, तर मी सांगितलेले 25 सुद्धा तुला जास्त आहेत, 15 वर थांब. चारही चाकांचं मध्यापासून फेंडरपर्यंतचं अंतर आणि हा आकडा दे, मग कोणती स्प्रिंग घ्यायची ते नक्की करू.