गोव्यात एए मीटिंग कशी शोधावी, आणि तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर?

तुमचा भाऊ पेडण्याकडे राहतो, दारू सोडायची म्हणतो, पण एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग कुठे असते ते माहीत नाही आणि 'गावातलं कोणी बघेल' म्हणून धजत नाही, असं तुम्ही लिहिलंय. शोधायचं काम सोपं आहे, ते खाली सांगते. पण 'कोणी बघेल' वाचून मला आमचे थोरले दीर आठवले, तेव्हा आधी तेच.

आमचे हे रोज संध्याकाळी डिचोलीत ज्या बारमध्ये बसायचे, त्याचं तोंड थेट रस्त्याकडे. येणाराजाणारा बघायचा. मासळी घेऊन परतताना मीही बघायची. एका शिगम्याला दोघांनी बखोटीला धरून घरी आणलं, ते अख्ख्या वाड्याने बघितलं. तेव्हा दिरांना घराण्याची अब्रू आठवली नव्हती. मीटिंगला जायचं ठरलं आणि ती एकदम आठवली. ''इथे नको, म्हापशालाही नको. मडगावला जा, तिथे आपल्याला कोण ओळखतं?''

गेलो मडगावला. डिचोलीहून पणजी, पणजीला शटलची रांग, मग पुढे. चर्चच्या बाजूचा हॉल सापडेपर्यंत मीटिंग सुरू झालेली. हे फाटकापाशीच थांबले, म्हणाले परत जाऊ. तेवढ्यात आतून एक गृहस्थ पाणी प्यायला बाहेर आले आणि आम्ही तिघेही जागच्या जागी उभे. आमच्याच बाजूचे! कोण ते सांगणार नाही, तिथला तो पहिला नियम आहे. पण आमच्या चवथीला ते आरतीला यायचे. तेही लपायलाच एवढ्या लांब येत होते. मला हसू आवरेना, मग त्यांनाही आवरेना. ह्यांना हाताला धरून तेच आत घेऊन गेले. परत येताना डिचोलीची शेवटची बस केव्हाच गेलेली, तर त्यांच्याच गाडीतून घरी आलो. पुढे दोघे मिळून म्हापशाला जाऊ लागले. आजवर त्या माणसाच्या तोंडून गावात एक शब्द निघालेला नाही. निघेल कसा? बोलला तर स्वतःचंही सांगावं लागेल.

तेव्हा भावाला सांगा, जवळची मीटिंग धर. लांबची दोनदा होते, तिसऱ्यांदा बस चुकते. आणि दारू पितो हे गावाला माहीत नाही असं त्याला वाटत असेल तर तो एकटाच तसा समजतोय.

आत काय होतं म्हणाल तर फारसं काही नाही. खुर्च्या, चहा, एकेक जण उठून आपलं सांगतो. 'म्हजें नांव अमुक, हांव आल्कोहोलिक' असं कोकणीत, कोणी मराठीत, कोणी इंग्रजीत. मध्ये कोणी तोंड घालत नाही, उपदेश करत नाही. पहिल्या दिवशी गप्प बसलं तरी चालतं. फी नाही, शेवटी पेटी फिरते, वाटलं तर टाका. सोडायची इच्छा हवी, एवढीच अट. तुम्हाला बरोबर जायचं असेल तर ओपन मीटिंग कधी असते ते विचारा, क्लोज्ड मीटिंगला घरच्यांना घेत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट वेगळे. भाऊ येवो न येवो, तुम्ही तिथे जाच.

चर्चचा हॉल ऐकल्यावर दिरांनी दुसरा सूर लावला: बाटवतील. अहो, हॉल स्वस्तात मिळतो म्हणून तिथे! १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी एक शेअरवाला आणि एक सर्जन, दोघे पिणारे, एकमेकांशी बोलून सावरले, तिथून हे सुरू झालं. प्रार्थना असते, नाही म्हणत नाही, पण देव ज्याला जसा कळला तसा. आमचे हे महालसेचं नाव घेतात, कोणी अडवलं नाही. दिरांचा उपाय होता देवळात नारळ ठेवून शपथ. तीही घेऊन झाली होती, काजूची नवी दारू, उर्राक, बाजारात येईपर्यंत टिकली. शपथेने दारू सुटत असती तर गोव्यात बार उरले नसते, देवळं काय कमी आहेत आपल्याकडे?

आता पत्ता. एए इंडियाच्या संकेतस्थळावर गावागणिक गट आणि फोन मिळतात. वार-वेळ बदलत असते, म्हणून फोन करूनच निघा. उचलणारा स्वतः त्यातून गेलेला असतो, त्याला खुशाल सांगा की पहिल्यांदा येतोय, स्टँडवर घ्यायला या. येतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे, तिथेही विचारता येईल.

हे खरं म्हणजे आधी लिहायला हवं होतं: भाऊ सकाळी उठल्याउठल्या घेत असेल, न घेतल्यास हात थरथरत असतील, तर एकदम बंद करायला लावू नका. फिट येते, दोनतीन दिवसांत भ्रम होतो, जीवावर बेतू शकतं. अशा वेळी आधी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत, आयपीएचबीत दाखवा. डॉक्टर गोळ्या देऊन उतरवतील, मग मीटिंग. मीटिंगमधले लोक डॉक्टर नव्हेत, आणि तेच तुम्हाला हे पहिल्यांदा सांगतील.