पेरू, विळी आणि खग्रास ग्रहण

“मॅडम, सातवा महिना चालू आहे. ग्रहण बघायला गेले तर चालेल का?”

मी समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न मला दर ग्रहणाला येतो. कधी बाई स्वतः विचारते, कधी तिची आई, कधी नवरा दबक्या आवाजात. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमधल्या लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला असेल. तिथे मुलाबाळांसकट जायचं म्हणणारी दोन कुटुंबं माझ्याकडे येऊन गेली. दोन्ही घरांत वाद पेटलाय, आणि तो खर्चावरून नाही. त्यांच्याशी बोलताना मला सारखी एक जुनी केस आठवत होती, ती इथे मांडते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असं सगळं बदललंय, तारखा तेवढ्या खऱ्या ठेवल्यात, कारण या गोष्टीत तारखांनाच महत्त्व आहे.

ती शिकागोच्या एका उपनगरात राहते. पहिली मुलगी नऊ वर्षांची, दुसऱ्या खेपेचा सातवा महिना. ८ एप्रिल २०२४ चं खग्रास ग्रहण मेक्सिकोतून टेक्सासात शिरून ईशान्येकडे थेट कॅनडापर्यंत जाणार होतं. शिकागोत सूर्य ९४ टक्के झाकला जाणार होता, आणि गाडीने चारेक तासांवर, इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला चार मिनिटं खग्रास. लेकीच्या शाळेत महिनाभर तोच विषय चालू. २०१७ चं ग्रहण ती लहान होती म्हणून हुकलेलं. नवऱ्याने जानेवारीतच हॉटेल घेऊन ठेवलं. मार्चच्या सुरुवातीला बाळंतपणासाठी सासूबाई सांगलीहून आल्या आणि सगळा बेत अडकला.

सासूबाई भांडल्या नाहीत. मुलाला एवढंच म्हणाल्या, “तुम्ही बापलेक जा. हिला मी सोडणार नाही.” मुलगा चिडला. “आई, सांगलीत दिसणारसुद्धा नाही ते ग्रहण, पंचांगात पाळू नका असंच लिहिलंय!” त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, “आपण सांगलीत आहोत का?” मग घरात अबोला. नात दोघांच्या मधे. एका रात्री तिने आईच्या पोटावर हात ठेवून विचारलं, “आपण गेलो तर बाळाचा ओठ फाटेल?” दुसऱ्या दिवशी सुनेने माझी वेळ घेतली. पुण्यात सकाळचे साडेसात, तिकडे रात्रीचे नऊ.

तिच्या शंकेचं उत्तर मी आधी देऊन टाकलं, ते इथेही देते. ग्रहणामुळे पोटातल्या बाळाला काहीही होत नाही. चंद्र सूर्याच्या आड येतो तेव्हा नवीन कुठलाही किरण निर्माण होत नाही, असलेला उजेड कमी होतो, एवढंच. जपायचं ते डोळ्यांना. सूर्याची बारीकशी कड जरी उघडी असली तरी ग्रहणाचा प्रमाणित चष्मा हवाच. फक्त पूर्ण झाकला गेल्यावर, तेवढ्या मिनिटांपुरता तो काढायचा आणि कड चमकताक्षणी परत लावायचा. गरोदरपणात खरी काळजी प्रवासाची: गाडीत बसून बसून पाय आखडणं, पाणी कमी पडणं, वेळेवर बाथरूम न मिळणं, वाहतूक तुंबली तर रात्र होणं. म्हणून आधी डॉक्टरांना विचारायचं, दर दोन तासांनी उतरून चालायचं, वाटेतलं हॉस्पिटल माहीत करून घ्यायचं. आणि उपाशी अजिबात राहायचं नाही. पंचांगातसुद्धा लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गर्भवती यांना वेधाची सूट दिलेली असते. हे वाक्य सासूबाईंशी बोलताना उपयोगी पडतं.

ती म्हणाली, “मला हे सगळं पटतं मॅडम. तुम्ही आईंना समजावा.”

पुढच्या खेपेला सासूबाई स्क्रीनसमोर बसल्या. मी त्यांना काकू म्हणते. साडी नीट, पदर दोन्ही खांद्यांवरून, हात मांडीवर. मी चूक केली. लगेच सूर्य, चंद्र, सावली असं सांगायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमचं बरोबर असंल हो ताई. पण इथनंच बघा की मग, काचेतनं. एवढ्या लांब कशाला?” हा प्रश्न तसा रास्त होता. ९४ टक्के म्हणजे जवळजवळ सगळं, असंच कुणालाही वाटतं. पण उरलेला सहा टक्के सूर्यसुद्धा इतका प्रखर असतो की दिवस थोडा मलूल दिसतो, एवढंच. सूर्याभोवतीचा प्रभामंडल सूर्याच्या मानाने दहा लाख पटींनी फिका, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राइतका. शेवटची कड झाकल्याशिवाय तो दिसतच नाही. मी हेही सांगितलं. काकूंनी मान डोलावली. त्यांची नजर मात्र स्वयंपाकघराकडे होती.

तेव्हा मी माझं बोलणं थांबवलं आणि विचारलं, “काकू, तुमच्या स्वतःच्या दिवसांत कधी ग्रहण आलं होतं का?”

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मला वाटलं आवाज गेला.

“ऐंशी साली,” त्या म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार, माघातली अमावस्या. कारवार, हुबळी, रायचूर या पट्ट्यात खग्रास होतं. सांगलीकडे बराचसा सूर्य झाकला गेला होता. काकू तेव्हा बावीस वर्षांच्या, पहिलटकरीण, पाचवा महिना. रस्ते ओस पडलेले, दारं लावून घेतलेली. दुपार सरता सरता उजेड पिवळट झाला. घरात सगळ्यांना उपास. मोठ्या दिरांचा तीन वर्षांचा पोरगा भुकेने रडून रडून लाल झाला होता. काकूंच्या सासूबाई देवघरात जपाला बसलेल्या. काकूंनी हळूच विळी घेतली, एक पेरू चिरला, पोराच्या हातात फोडी दिल्या आणि विळी आडवी करून होती तशी ठेवली. दारात वळून बघतात तर सासूबाई उभ्या.

जून सरताना मुलगा झाला. वरचा ओठ दुभंगलेला.

“सासूबाईंनी त्याला हातात घेतलं, बघितलं, आणि मला म्हणाल्या, ‘पेरू गोड होता का गं?’ एकदाच म्हणाल्या. परत कधी तोंडातनं काढलं नाही त्यांनी. मिरजेला ऑपरेशन झालं, पोरगा शिकला, त्याला दोन मुलं आहेत. पण मी पेरू खाल्ला नाही ताई त्यानंतर.”

इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या वाक्यावर मला काय बोलावं ते सुचलं नाही. चव्वेचाळीस वर्षं ही बाई तो एक पेरू घेऊन जगली होती. आता सून त्याच वळणावर उभी दिसत होती, आणि मुलगा आईला अडाणी म्हणत होता.

मग मी त्यांना म्हटलं, “काकू, आपण दोघी मिळून एक हिशोब करू. जून अखेरपासून नऊ महिने मागे या. पाळी कधी चुकली असेल?”

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. “दिवाळीत. आठवतंय की. भाऊबीजेला माहेरी सांगितलं मी आईला.”

“बाळाचा ओठ जुळतो गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. टाळू त्यानंतर, नवव्या आठवड्यापर्यंत. पाळी चुकली तेव्हा चौथा आठवडा चालू होता. आता मोजा.”

त्यांचा अंगठा पेरांवरून सरकत राहिला आणि थांबला. “तुळशीची लग्नं.”

“तुळशीच्या लग्नांच्या आसपास. फार तर पुढचा एखादा आठवडा. ग्रहण आलं माघात.”

“म्हणजे पेरूच्या आधीच?”

“आधीच. तीन महिने होऊन गेले होते. तुम्ही विळी हातात घेतलीत तेव्हा त्याचा ओठ घडून गेलेला होता. जगात साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाला असं होतं, ग्रहण असो नसो. काही वेळा ते घराण्यात असतं, काही वेळा पोषणाची कमतरता किंवा काही औषधं. पुष्कळदा कारण सापडतच नाही.”

त्या उठून स्क्रीनबाहेर गेल्या. नळ बराच वेळ वाहताना ऐकू येत होता. परत येऊन बसल्या, पदराने चेहरा टिपला आणि म्हणाल्या, “हे ज्यांना सांगायचं त्या राहिल्या नाहीत आता.”

इथे सगळं जमून आलं असं कुणी समजू नये. काकूंची श्रद्धा होती तशीच राहिली, आणि ती काढून घ्यायचा मी प्रयत्नही केला नाही. पुढच्या बैठकीला त्या अटी घेऊनच आल्या. येईन, पण सुनेबरोबर मीही गाडीत असणार. त्या दिवशी कुणी सुरी धरायची नाही, सगळं आदल्या रात्री चिरून ठेवायचं. डब्यात तुळशीचं पान. जेवणाची वेळ मात्र चुकवायची नाही, हे त्यांनी स्वतःच घातलं. मुलाने कपाळाला हात लावला. त्याच्याशी मी वेगळं बोलले आणि जरा कडकच बोलले. यातल्या एकाही अटीने कुणाचं काही बिघडत नव्हतं. आदल्या रात्री काकडी चिरायला त्याला दहा मिनिटं लागणार होती. शिकलेल्या मुलांना आईला हरवायची घाई असते, आणि हरलेली आई सहलीला आली तरी मनाने घरीच राहते, हे मी फार वेळा बघितलंय.

नातीला मी एक काम दिलं. चष्मे कधी काढायचे आणि कधी लावायचे, हे तीच सांगणार, आजीसकट सगळ्यांनी तिचं ऐकायचं. आणि आजीचा झारा बरोबर घ्यायचा. का, ते सांगितलं नाही.

पुढचं मला सुनेकडून कळलं. त्या दिवशी सोमवती अमावस्या. आकाशात पातळ ढग होते, सूर्य दिसत होता. एका बागेत चादर पसरली. काकू गाडीचं दार अर्धं उघडं ठेवून आत माळ घेऊन बसल्या होत्या. नातीने पांढऱ्या चादरीवर झारा उन्हात धरला आणि ओरडली. झाऱ्याच्या प्रत्येक भोकाखाली सूर्याची एक कोर, दीड-दोन डझन कोरी एकदम. “आजी, तुझ्या झाऱ्यातून बघ!” पुऱ्या तळायचा तो झारा, सांगलीहून बॅगेत आणलेला. काकू माळ मुठीत धरून बाहेर आल्या आणि चादरीशेजारी उकिडव्या बसल्या. कोरी बारीक होत होत्या. गार वारा सुटला, पाखरं झाडांकडे वळली.

“काढा!” नात म्हणाली.

सूर्याच्या जागी काळं वर्तुळ, भोवती पांढरी प्रभा, खालच्या कडेला गुलाबी ठिपका. एका बाजूला शुक्र, दुसऱ्या बाजूला गुरू. सगळीकडे क्षितिजावर एकदम संध्याकाळ. सून सांगत होती, “मॅडम, मी वर बघत होते आणि माझ्या पोटावर आईंचा हात होता. माळेसकट. त्या पण वरच बघत होत्या.” चार मिनिटांनी नातीने “लावा!” म्हटलं, तरी काकू तशाच बघत होत्या, तेव्हा तिनेच आजीच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

परतताना अमेरिकेचा सगळा मध्य-पश्चिम भाग एकाच रस्त्यावर उतरल्यासारखा झाला. चार तासांच्या वाटेला नऊ तास लागले. दर दोन तासांनी थांबायचं ठरलेलं, ते त्यांनी गर्दीतही पाळलं. काकडी, दशम्या, पाणी, सगळं पुरलं. आठच्या सुमारास गाडी जागची हलेना. तिकडे सांगलीत पाडव्याची सकाळ झाली होती. काकूंनी थोरल्याला फोन लावला. गुढी उभारली का, साखरेच्या गाठी आणल्या का, सगळं विचारून झालं. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “अरे, तुझा ओठ तुळशीच्या लग्नांच्या वेळचा आहे. पेरूचा नाही.”

फोन शांत होता. मागच्या सीटवर नात झोपली होती.

“कुठला पेरू, आई?” तिकडून आवाज आला.

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.