आगीसाठी इतके कायदे आणि यंत्रणा असूनही माणसं का दगावतात?

तुम्ही विचारलंय की आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, नॅशनल बिल्डिंग कोड आहे, मोबाईलवर इशारे येतात, तरी इमारतींच्या आणि रुग्णालयांच्या आगीत माणसं का जातात आणि केंद्र सरकार देशभरासाठी एकच कडक कायदा का करत नाही. मी अग्निसुरक्षा यंत्रणांची देखभाल करणाऱ्या एका लायसन्स एजन्सीत काम करतो. पंपरूम, हायड्रंट (आग विझवायला मजल्यामजल्यावर बसवलेले पाण्याचे नळ), स्प्रिंकलर (छतावरून आपोआप पाणी फवारणारी तोंडं) हेच रोजचं काम, त्यामुळे तिथून जे दिसतं ते सांगतो.

एकच कायदा नाही, कारण राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हे काम नगरपालिका आणि महापालिकांकडे दिलेलं आहे. केंद्र नमुना देऊ शकतं, पैसे देऊ शकतं. 2019 मध्ये गृहमंत्रालयाने राज्यांना नमुना विधेयक पाठवलं, 2023 मध्ये अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी 5,000 कोटींची योजना आणली. बिल्डिंग कोडचा चौथा भाग पूर्णपणे अग्निसुरक्षेवर आहे, पण तोही राज्याने किंवा पालिकेने आपल्या नियमांत घेतला तरच बंधनकारक होतो.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, कायदा कमी पडतो असं मला अजिबात वाटत नाही. 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम स्पष्ट सांगतो की यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. दर जानेवारीत आणि जुलैमध्ये लायसन्स एजन्सीकडून तपासणी करून घेऊन ‘फॉर्म बी’, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, अग्निशमन दलाकडे द्यायचं. धोका गंभीर असेल तर वीज-पाणी तोडण्याचाही अधिकार आहे.

मग घोडं अडतं कुठे? पंपरूममध्ये.

बहुमजली इमारतीत हायड्रंटची पाइपलाइन कायम पाण्याने भरलेली आणि दाबाखाली असते. दाब थोडा उतरला की जॉकी पंप आपोआप सुरू होऊन तो भरून काढतो, जास्त उतरला की मुख्य पंप धावतो. आता समजा, एखाद्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतोय. जॉकी पंप दिवसरात्र चालू-बंद होत राहतो, तळमजल्यावरचे रहिवासी आवाजाची तक्रार करतात, वीजबिल वाढतं. व्हॉल्व्ह बदलायचा तर कमिटीची मंजुरी, कोटेशन, पुढची मीटिंग. तोवर वॉचमन पॅनलचा खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर करतो. पंप गप्प होतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. काही आठवड्यांत प्रेशर गेजचा काटा शून्यावर येतो. होज बॉक्स जागेवर, लाल रंग ताजा, भिंतीवर प्रमाणपत्र, आणि पाइपमध्ये दाब नाही. हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता पंपरूममध्ये शिरल्यावर नजर आधी त्या खटक्यावर जाते.

बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटं इमारतीला स्वतःच्या बळावर काढावी लागतात, आणि त्या वेळात जीव घेतो तो बहुतेकदा धूर. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात 2011 मध्ये आग तळघरात लागली आणि रुग्ण गुदमरले वरच्या मजल्यांवर, 90 च्या आसपास. मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबच्या आगीत 2017 मध्ये 14 जण गेले, त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेलेले होते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला 10 नवजात बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले, आणि त्याच वर्षी विरारला आणि अहमदनगरला अतिदक्षता विभाग पेटले. ही ओळ लिहितानाही हात जड होतो.

मोबाईलचं म्हणाल तर 2023 च्या चाचण्यांत फोन किंचाळले होते, आठवत असेल. ती यंत्रणा पूर, चक्रीवादळ, वीज पडणं यांसाठी मोलाची आहे. तुमच्या सातव्या मजल्यावरच्या डक्टमध्ये केबल पेटली तर तिचा उपयोग नाही.

माझ्या मते खरी भेग फॉर्म बीमध्येच आहे. एजन्सी नेमतो मालक, तिचे पैसे देतो मालक, आणि त्याच मालकाची यंत्रणा ठीक आहे असं लिहून देते ती एजन्सी. प्रामाणिक एजन्सीने नकार दिला तर सही करणारी दुसरी मिळते. म्हणून त्या 5,000 कोटींमधून नुसती वाहनं आणि उंच शिड्या घेऊन भागणार नाही, अचानक जाऊन तपासणारे अधिकारीही हवेत. शिवाय पाइपमधला दाब, टाकीतली पातळी आणि पॅनल ऑटोवर आहे की मॅन्युअलवर, एवढी माहिती थेट अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात पाठवणारे सेन्सर आज सहज मिळतात. रुग्णालयं, मॉल आणि उंच इमारतींना ते सक्तीचे करायला हवेत. जानेवारी आणि जुलै यांच्या मधल्या महिन्यांत खटका कोणी फिरवला, हे मग लपणार नाही.

ते होईल तेव्हा होईल. तुम्ही सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरींकडे मागच्या फॉर्म बीची प्रत मागा आणि एजन्सीची माणसं पुढच्या वेळी येतील तेव्हा त्यांच्यासोबत गच्चीपर्यंत जा. सगळ्यात वरचा हायड्रंट होज लावून तुमच्यासमोर उघडायला सांगा. पाणी जोरात आलं पाहिजे आणि खाली पंप कोणी हात न लावता सुरू झाला पाहिजे. झाला नाही तर कमिटीला लेखी कळवा, आणि तरी दुरुस्ती झाली नाही तर तेच पत्र अग्निशमन दलाच्या मुख्य अधिकाऱ्यांना द्या.