नवीन कॅमशाफ्ट बसवल्यावर पहिल्यांदा कोणतं ऑइल आणि अ‍ॅडिटिव्ह घालावं?

ऑइलचं नंतर. गाडी चालू करून आयडलवर सोडणार असाल तर कितीही भारी ऑइल घाला, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) जाणार.

वडिलांची १९८६ ची पद्मिनी. इंजिन उतरवलं, कुर्ल्याहून नवीन कॅम आणला, आठही टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हला धक्का देणारे भाग) नवीन. मिस्त्री माझ्या काकांच्या भरवशाचा. त्याने कॅमला नुसतं ऑइल चोपडलं, टाइमिंग जुळेना म्हणून दहा-बारा वेळा सेल्फ मारला आणि एकदाची चालू झाली तर अर्धा तास आयडलवर, "नवीन इंजिन हाय, दमानं घ्या". मी म्हणत होतो रेस धरा, काकांनी मला सगळ्यांसमोर गप्प केलं. चारशे किलोमीटरच्या आत टकटक सुरू. टॅपेट सेट करावं, दोन दिवसात गॅप परत वाढलेला. शेवटी कॅम बाहेर काढला तर एका लोबचं, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याचं, टोक पार बसलेलं, त्याच्या टॅपेटच्या तळाला नख फिरवलं तर वाटीसारखा खड्डा, ऑइलमध्ये चमकी.

या इंजिनात कॅमला क्रँकवरून उडालेलं ऑइल मिळतं, आयडलला ते पुरेसं उडत नाही. त्यात टॅपेट स्वतःभोवती फिरला नाही की एकाच जागी घासतो. म्हणून लोबला आणि टॅपेटच्या तळाला काळी मॉलिब्डेनम पेस्ट, टॅपेटच्या अंगाला फक्त ऑइल. टाइमिंग आधी जुळवा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरा, पहिल्या सेल्फला चालू झाली पाहिजे, कारण सेल्फ मारत बसलं की पेस्ट पुसली जाते. मग लगेच २००० ते २५०० आरपीएम, खाली-वर करत २० मिनिटं. तापली तर बंद करा, थंड झाल्यावर उरलेली मिनिटं पूर्ण करा. ते ऑइल गरम असतानाच काढून टाका.

काका आजही म्हणतात, आमच्या वेळी साध्या ऑइलवर चालायचं. चालायचं, कारण तेव्हाच्या ऑइलमध्ये झेडडीडीपी, म्हणजे झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस, जास्त असायचं. सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून ते कमी केलं, आता पेट्रोल गाड्यांच्या एसएन ग्रेडच्या ५डब्ल्यू-३० मध्ये फॉस्फरस ८०० पीपीएमच्या वर नसतो. मी दुसरा कॅम स्वतः बसवला, डिझेल इंजिनाचं सीआय-४ ग्रेडचं १५डब्ल्यू-४० घालून, त्यात झिंक जास्त असतं. १८,००० किलोमीटर झाले, गॅप हललेला नाही. मिस्त्रीची चूक होती हे काकांनी अजून मान्य केलेलं नाही.

आणि हो, ब्रेक-इनचं, म्हणजे नवीन कॅम पहिल्यांदा चालवायचं, खास ऑइल घेतलं तर वरून झिंकची बाटली ओतू नका, त्यात ते असतंच, जादा झालं तर उलट नुकसान. तुम्ही इंजिन कुठलं ते लिहिलं नाहीये, रोलर टॅपेटचं (तळाला चाक असलेले टॅपेट) असेल तर हे ब्रेक-इन करायची गरज नाही.